कोट-तपासणी

सोमवारी शिरोलीत भट्टी थंड असते,
तेव्हा मी कोट काढते.
उलटा करून एकेक ट्यूबलाइटपुढं धरते:
काख, कोपर, कॉलर.
भोक लगेच सापडतं.
विरलेलं सापडत नाही,
त्यातून नुसता उजेड येतो.

तातोबा नेजदारच्या कोटाला मोगऱ्याचा वास.
"घरी धुतला?"
"व्हय. शेवटच्या पाण्यात ती कायतरी घालतीया.
मऊ पडतोय बघा अंगावर."
तेच आधी पेटतं, तातोबा.
ठिणगीला कापड तोंड देतं,
कापडावर बसलेलं देत नाही.

खिशाला चार टाके, साध्या दोऱ्याचे.
रंग मात्र हुबेहूब जुळवलेला.

"नऊ वर्षं झाली, मॅडम. आत्ता कुठं माझा झालाय."
मी कोपराच्या आत बोट ठेवलं.
बाहेरून त्याला ते दिसलं.

कात्रीनं आधी लेबल कापलं, मग दोन्ही बाह्या;
न्हाईतर गावाकडं भावाला दिला असता,
मोटार चालू करताना घाल म्हणून.

नवा कोट पुठ्ठ्यासारखा ताठ.
हात अंगापासून लांब धरून तो निघाला,
दारात थांबला.
"धुवायचं कसं ते कागदावर लिवून द्या.
मला घरात सांगाय जमायचं न्हाई."