वरची खाट

महबुलाला तारेचं कुंपण पडलं त्या रात्री
खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.
एरवी मीच तो, गोळ्यावाला, उगाच दचकणारा,
दाराची कडी तीनदा चाचपणारा.
त्या रात्री एकेक जण उठून कडी चाचपून येत होता.
मनात म्हटलं, या, बसा.
भीतीच्या मुलखात तुम्ही व्हिजिटवर आलात,
माझा अकामा जुना आहे.

खरंच, पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांत शहाणा.
डाळ मोजून टाकायचो,
पारकरला सांगायचो, रात्री बातम्या नकोत.
बांगेचे शब्द बदलले, घरीच नमाज पढा,
तेव्हा त्याच्या हातातली कपबशी वाजायला लागली
आणि ती मी धरली. मी.

गोळ्या मात्र गावाहून यायच्या.
देवरुखचा कुणी सुट्टीवरून परतला की
कोकमं, मेतकूट,
आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत गुंडाळलेल्या तीन महिन्यांच्या स्ट्रिपा.
विमानं थांबली.
खबूस कापायच्या सुरीनं मी गोळी अर्धी केली,
मग पाव.
पाव करताना चुरा फार होतो,
तो ओल्या बोटानं टिपून घ्यावा लागतो.
ताई फोनवर विचारायची, घेतोयस ना?
घेतोय, म्हणायचो. खोटं नव्हतं.

आता ते सांगतो, ज्यासाठी एवढा वळसा घेतला.

माझ्या वरच्या खाटेवर दिलबहादूर.
रात्री अडीचला खोकला ऐकू आला,
उशीत तोंड खुपसून दाबलेला.
मला रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आठ वर्षं शिकवलंय:
ऐकू येतं ते सगळं बाहेरचं नसतं.
थांबायचं. वीसपर्यंत मोजायचं.
आणखी कुणाला ऐकू आलं का, बघायचं.
मी बघितलं. सगळे झोपलेले.
मी मोजलं. वीस. पुन्हा वीस.
चार रात्री मी इतका चांगला पेशंट होतो
की कुणाला काही बोललो नाही.

पाचव्या दिवशी पांढऱ्या सूटमधले दोघे आले.
दारातून तो म्हणाला, भाई, मेरा चार्जर.
मी दिला.
झाडूच्या दांड्याला अडकवून, लांबून.

महिन्यानं कंपनीचा माणूस त्याची पेटी न्यायला आला.
झाकण नीट लागत नव्हतं, मी वर बसलो, तेव्हा लागलं.

मग तारा निघाल्या. मास्क खिळ्यावर लटकले,
पुन्हा कॅरम आला, पुन्हा भांडणं मिठावरून.
सगळ्यांचे व्हिजिट संपले.
माझा अकामा न विचारता रिन्यू झाला.

नवा डॉक्टर फोनवर विचारतो, आवाज जुनेच की वेगळा?
जुने मला शिव्या द्यायचे, साहेब.
हा नुसता खोकतो.
आणि जुने कधीच खरे नव्हते,
हा चार रात्री खरा होता. आता काय मोजू?

वरच्या खाटेवर सध्या शिनोज आहे, कन्नूरचा,
बावीस वर्षांचा, बैलासारखा घोरतो.
अडीचला मी उठून फळीला कान लावतो.
परवा बघितलं, पारकर जागा, अंधारात बसलेला.
विचारलं, ऐकलंस?
बराच वेळ एसीच बोलत राहिला.
हो, म्हणाला.

खरंच ऐकलं की माझ्यासाठी म्हणाला,
विचारलं नाही.
दोघं मोजत बसलो, तो तसबीवर, मी बोटांवर.
माझे वीस झाले.
त्याचं चालूच होतं.