अठरा ग्रॅम

मशीन आलं पुण्याहून, बंद पडलेल्या एका हॉटेलातलं,
टेम्पोत गाद्यांवर आडवं निजून.
सोबत कागद नाही, चमचा नाही,
मूठ असलेली एक चाळणी फक्त
आणि विकणाऱ्याचं एक वाक्य :
पूड सारखी पसरली नाही, तर पाणी फसवतं.

फसवलंच.
जिथं भुसभुशीत, तिथून घुसलं,
बाकीची पूड तशीच कोरडी ठेवून
एका बाजूनं पिवळी धार.
पंधरा दिवस मी ती धार प्यायलो.
आधी आंबट, मग कडू,
मग झोप नाही.

म्हणून हत्यारं केली.

आधी अप्पांच्या मागाची फणी मोडली.
चादरीची फणी, चपटे दात,
पुडीत नुसत्या सऱ्या पडल्या, पेरायच्या बाकी.
मग स्कूटरची जुनी क्लचवायर उलगडली,
एकेक तार केसाएवढी.
आठ तारा रिकाम्या कांडीच्या टोकात रोवल्या.
कांडीवर गुलाबी सुताचं एक वेटोळं उरलं होतं,
ते काढलं नाही.

नरसाळं हवं होतं अठ्ठावन्न मिलिमीटरचं.
दुकानात म्हणाले, रॉकेलचं आहे, देऊ?
रझाकभाईनं लेथवर स्टीलचा पेला चढवला,
'काय खेळ करलालाव बे,' म्हणत बूड उडवलं.
पेल्यावर कोरलेलं होतं
'चि. अंबादास यांस', खाली 'लग्नानिमित्त मामाकडून'.
लग्न आणि मामा भुशात गेले.
अप्पांचं नाव तेवढं राहिलं काठाला,
रोज त्याच्यातून पूड ओततो.

काटा सराफाकडचा, सेकंडहँड,
पंख्याच्या वाऱ्यानंसुद्धा आकडा हलायचा.
म्हणून पंखा बंद. मे महिना, अशोक चौक,
पत्र्याखाली मी घाम पुसत
अठरा ग्रॅम मोजतोय.

अम्मा उंबऱ्यात. मांडीवर सूप,
कात्री पानावर, डोळे माझ्यावर.
'तोलून काय करलालास? बोटं नाहीत?'
मी म्हटलं, अठरा पाहिजेत, बरोबर अठरा.
'किती बिड्यांचं होतं ते?'
हिशोब केला. नव्वदेक.

सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले, धुतले नाहीत.
आणि चिमूट सोडायला लागली,
कडेनं, मग आत, मग परत कडेनं,
ओठात तेलुगू आकडे,
तार नाही, पेला नाही,
तीन बोटं, त्यातलं एक वाकडं.
मधे एकदा खोकली, तोंड फिरवून,
आणि आकडा चुकली नाही.

काट्यावर ठेवलं : अठरा पॉइंट एक.

'पोकळ राहिली की बिडी एका अंगानं जळते,'
ती म्हणाली, मी विचारलं नव्हतं,
'कारखान्यात ती छाट. छाटीला पैसे नाहीत.'

मूठ फिरवली, बटण दाबलं.
थोडा वेळ काहीच नाही.
मग खाली उतरलं
ताण बरोबर असलेल्या सुतासारखं,
तपकिरी, एकसंध, मधे कुठंही न तुटता.
कप तिच्यापुढं धरला.
तिनं वास घेतला फक्त.
'चहा टाक,' म्हणाली.

त्या दिवशीचा दुसरा कप रेल्वे लाइन्सच्या डॉक्टरांना दिला.
डोळे मिटून म्हणाले, मागं कुठंतरी तंबाखू लागतोय, छान.
बियांचाच गुण, मी म्हटलं.

रोज नाही बसत ती. हजार भरायच्या असतात.
गर्दीला माझी कांडी आहे, आठ तारांची,
गुलाबी वेटोळं आता कॉफीच्या रंगाचं.
रात्री चाळणीतून निघालेल्या वड्या
वर्तमानपत्रावर मांडून घरी नेतो.
ती एकेक उलटी करते, अंगठ्यानं दाबते,
भोक सापडलं की बाजूला सारते.
ही चालंल. ही चालंल. ही छाट.

छाटीचे पैसे
मी गिऱ्हाइकाकडून घेऊन बसलेलो असतो.