सभासद क्रमांक दोनशे चौदा

अध्यक्ष म्हणाले, आठ मार्चला काहीतरी करा,
खर्च नऊशेच्या आत.
फ्लेक्सवाल्याकडे थोर स्त्रियांचा साचा तयारच असतो,
खाली वाचनालयाचं नाव तेवढं घालायचं, आणि चोपडा.

मी कपाटावरून जुनी देवघेव रजिस्टरं काढली.
कुणी सांगितलं नव्हतं. धुळीनं शिंका आल्या.
बाहेर केळीचा ट्रक मागे घेताना
क्लीनर पत्र्यावर थाप मारत होता, येऊ दे, येऊ दे.

एकोणीसशे एकसष्ट. निळी शाई, आता तांबूस.
सगळे रा. रा.
वकील, मास्तर, अडत्ये, एक कंपाउंडर.
बाई एकही नाही.
शेऱ्याच्या रकान्यात मात्र कुठे कुठे:
"पान चाळीसवर हळद."
"मुखपृष्ठास पीठ. समज दिली."
समज कुणाला दिली, ते लिहिलेलं नाही.

आणि दोनशे चौदा.
उखा चिंधा बडगुजर, जिनिंगमध्ये हमाल.
दहा वर्षांत तीनशे सहा पुस्तकं,
आणि प्रत्येक नोंदीपुढे, सहीच्या जागी,
अंगठा.

मी दुपारभर त्या रेषा बघत बसले.

कार्यक्रमाला एकोणतीस जणी. बचतगटाच्या बऱ्याच,
दोघी चहासाठी, एक पंख्यासाठी, तसं तिनंच सांगितलं.
फ्लेक्सशेजारी मी त्या पानाची मोठी झेरॉक्स चिकटवली
आणि विचारलं, हा अंगठेवाला वाचक कुणाला माहीत आहे?

पंख्याखालची उठली.
नातसुनेनं पुढे केलेली काठी तिनं घेतली नाही.
झेरॉक्सजवळ गेली, अंगठ्यावर हात ठेवला,
कपाळावर ताप बघावा तसा.

"हाऊ अंगठा तेस्ना. वाचन मन्हं."

कौतिकबाई. माहेर धरणगाव, तिसरी पास.
"बाईले कार्ड भेटे नही,"
हे तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.
पाळी सुटली की उखा सदऱ्याच्या आत पुस्तक घेऊन यायचा,
पानांना सरकीचा वास.
दादर निवडून झाली की ती कंदिलाशी वाचायची,
मोठ्यानं,
कारण पुस्तक परत घेताना ग्रंथपाल विचारायचे,
काय आवडलं, उखा?
आणि हमालाला उत्तर यायला हवं.

एका कादंबरीची शेवटची पानं फाटलेली होती.
"मंग?"
"मंग काय. मीच जोडी दिना शेवट."
उखानं तो जाऊन सांगितला.
ग्रंथपाल म्हणाले, वा, अगदी बरोबर.

बायका हसल्या, इतक्या
की अध्यक्ष माईक तपासायला लागले.

मी विचारलं, काय जोडला होता?
ती जरा थांबली.
"गाव सोडी गयेल बाई व्हती ती.
मी तिले वापस आनी नही."
मग पदरानं तोंड पुसून,
"ते म्हनेत, बरं करं."

रजिस्टरात आता तिचं नाव घालता येणार नाही,
अध्यक्ष माझ्या कानाशी आले.
खाडाखोड चालत नाही. नियम आठ.

मी नवा फॉर्म काढला. अनामत पन्नास रुपये.
नातसून पर्स उघडेपर्यंत
हिची पदराची गाठ सुटलीसुद्धा.
सहीच्या जागी तिनं सही केली.
कौच्या दोन मात्रांसाठी हात दोनदा वर नेला,
मधे एकदा पेन झटकलं.
तोवर मागे चहावर साय धरली
आणि कुणी काही बोललं नाही.

रात्री समितीसाठी अहवाल लिहिला.
उपस्थिती एकोणतीस. खर्च आठशे ऐंशी.
नवीन सभासद: एक.

मग त्यातलं "नवीन" खोडलं.
खाडाखोड चालत नाही, नियम आठ.