रकाना चौदावा

शेवटची तारीख एकतीस मे, रात्री बारा.
पन्नास पानांचा अर्ज, सगळा इंग्रजीत,
आणि चौदाव्या रकान्यात विचारलंय :
सध्याच्या घरांतलं तापमान, दशांशासकट.

म्हणून मी, महापालिकेचा कनिष्ठ अभियंता,
तीनशे ऐंशी रुपयांचा तापमापक खिशात घालून
पेठ रोडच्या उताराला, नाल्याकडच्या गल्लीत,
भर दुपारी तीनला.

या गावाला पाणी मोजता येतं.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं,
छातीशी आलं की सराफ बाजार
न सांगता दुकानं आवरायला घेतो.
उन्हाला असा मारुती नाही.
ऊन पत्र्यावर चढतं, आत उतरतं,
आणि कुणाच्या कुठवर आलं
ते बघायला पुलावर गर्दी होत नाही.

कडूबाई गांगुर्डे म्हणाल्या, बसा,
पण भिंतीला टेकू नका.
ज्या खिळ्याला यंत्र अडकवलं
तिथं आधी त्यांचं पॅकहाउसचं ओळखपत्र होतं.
हंगामात द्राक्षं निवडतात. आत स्वेटर घालावा लागतो,
पायांत मोजे दोन दोन.
मणी मऊ पडला तर परदेशातून पेटी परत येते.

सासऱ्यांचं इन्सुलिन माठात, ओल्या वाळूत,
वर फडकं, फडक्यावर वाटी.
बाटली दाराच्या उजेडाला धरून दाखवली :
गढूळ दिसली की समजायचं, ऊन आत शिरलं.
मग ती फेकायची. मग उसनवारी.
माझं यंत्र म्हणत होतं
त्रेचाळीस पूर्णांक सहा.

मी नकाशा उघडला.
पोकळ विटा, पांढरं छत, समोरासमोर खिडक्या,
गच्चीवर सौर पॅनेल, वीजबिल निम्मं.
भाषण पाठच होतं.
त्यांनी मोरीवर बोट ठेवलं :
“इथं खिडकी नाय.
मागच्या इमारतीतबी नव्हती.
नणंद गेली होती ना चौथ्या मजल्यावर.
भिंतीला बुरशी, पोराला दमा,
लिफ्टचं बिल कोणी भरायचं म्हणून लिफ्ट बंद.
आता हितंच आहे, ते तिसरं दार.”

मी पेन्सिलीनं खिडकी काढली.
ड्रॉइंगवाले ओरडतील. ओरडू देत.
“जरा वर घ्या,” त्या म्हणाल्या,
“बायामाणसं आंघोळ करतात.”
खोडून वर घेतली.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते.
बत्तीस वर्षं नोटा मोजल्या,
आणि रोज संध्याकाळी झडती देऊन
रिकाम्या खिशांनी घरी आले.
आमच्या गावात नोटा छापतात,
आणि मोरीला एक खिडकी पाडायची तर
आम्ही पन्नास पानं लिहितो :
महोदय, नम्र विनंती.

रात्री पोर्टल दोनदा अडकलं.
शहराचं नाव टाकताना स्पेलिंग चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.
अकरा बावन्नला अर्ज गेला.
बारा आकडी पोच आली,
तिचा फोटो काढून मी साहेबांना पाठवला.
त्यांनी अंगठा पाठवला.

सकाळी साडेसहाला फोन.
“मी पूनम. गांगुर्डेंची.
तुमचं यंत्र खिळ्यालाच राहिलं.
मी वहीत लिहून ठेवलंय,
दहाला अडतीस पूर्णांक दोन,
दोनला पस्तीस पूर्णांक एक, आजोबा जागेच होते,
आत्ता तेहतीस.
पुढचं किती वाजता लिहू?”

रकाना भरून झाला होता. खिडकी बंद,
पोर्टलची म्हणतोय मी.
तिला ते सांगायला तोंड उघडलं
आणि म्हणालो,
दर दोन तासांनी लिही.
खिळ्यावरून काढ ते.
आजोबांच्या उशाशी ठेव.