जावा

बावीस दिवस झाले, दोसिंदा माझ्याशी बोलत नाही.
कारण बटाट्याचा तुकडा. सासरा गेला तेव्हा
चार हात जमीन मोजायची राहिली,
आणि तिच्या मते रातोरात मी बांध सरकवला.
(सरकवला. एक दगड. तोही ढासळत होता म्हणून.)

तरी पहाटे पाचला तिचा दिवा लागतो, मग माझा.
एकाच गाडीत बसतो. ती खिडकीबाहेर बघते,
मी काचेवरचं धुकं पुसते.
तिचा नवरा स्वित्झर्लंडात सिमेंटचा ट्रक चालवतो,
माझा आयर्लंडच्याही पलीकडे, मासेमारीच्या बोटीवर.
भाऊ भाऊ रोज फोनवर बोलतात.
कशावर, देव जाणे.

आज उधाणाची ओहोटी.
समुद्र मागे सरलाय,
पण निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या
पाहुण्यासारखा. कधी परत आत येऊन बसेल, नेम नाही.
कड्याखाली काळा खडक उघडा पडलाय.
त्याच्या पोटाला, जिथे लाट सगळ्यात जोरात आपटते,
तिथेच पेर्सेबे धरतात.
शांत पाण्यातले बारीक, पाणचट, त्यांना कुणी विचारत नाही.
मार खाल्लेलेच भरतात:
अंगठ्याएवढे, काळ्या कातडीचे, टोकाला नखं.
माद्रिदात नाताळला माणसं ते पिरगळून चोखतात,
सदऱ्यावर खारं पाणी उडालं की हसतात.

दोसिंदा खाली उतरते. ती हलकी, तिचे हात चपळ.
मी जड, म्हणून वर.
दोराचं एक टोक तिच्या कमरेला,
दुसरं माझ्या, मध्ये खडकाला एक वेढा.
तिची पाठ समुद्राकडे, माझी नजर समुद्रावर.
सातवी लाट मोठी असते, असं शाळेत शिकवतात.
थाप आहे. कधी चौथी, कधी अकरावी,
आणि कधी कधी मोठीच्या मागोमाग
गुपचूप येते तिची जाऊ.

तेव्हा मी ओरडायचं : आली!
एवढा एकच शब्द आमच्यात उरलाय.
त्याला बोलणं धरायचं नाही,
हे आम्ही न बोलताच ठरवलं.

आज सकाळपासून घसा बसलेला.
सांगणार कुणाला?
खालून खरवडण्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र,
तिची जाळी कमरेशी फुगत चालली होती,
आणि दूर पाण्याची एक कड
बाकीच्यांपेक्षा जरा जास्त काळी दिसली.
तोंड उघडलं.
नुसती हवा.
पुन्हा उघडलं.

मग मी मागे पडले, मुद्दामच,
पोतं टाकावं तशी स्वतःला टाकून दिली,
आणि दोर कमरेत रुतला, आणि वर
आधी तिची टोपी आली, मग कोपर, मग गुडघा फुटलेला,
मग ती जिथे होती तिथे
समुद्र.

किती वेळ पाणी गळत होतं दोघींच्या अंगावरून.
मग दोसिंदा बोलली.
बावीस दिवसांचं सगळं एकदम :
मुकी झालीस का गं मेले, जीभ काय मांजराने नेली,
दोर असा ओढतात, बैल आहे का मी,
तुझ्या आईने तुला, तुझ्या आजीने तिला,
आणि गुडघा बघ, आणि नवी विजार बघ,
आणि तुझे ते बटाटे, जळोत!
मी ऐकत राहिले. मान हलवत.
इतकं सलग, इतकं गोड
गेल्या तीन आठवड्यांत कुणी माझ्याशी बोललं नव्हतं.

लिलावाच्या काट्यावर चार किलो तीनशे.
नाताळ जवळ आलाय, भाव बरा मिळाला.
पैसे तिने मोजले, दोनदा.

गाडीत तिने थर्मास पुढे केला,
मध घातलेली दारू, गरम.
"पी," म्हणाली. "उद्या पाच चाळीसला ओहोटी.
उद्या आवाज पाहिजे मला."

मी प्याले.
ती खिडकीबाहेर बघत राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, "तो दगडही
जागेवर ठेव."