गालिचा फिरवायचा दिवस

ओल्या फडक्याने नाही, हे पहिलं.
शिसवीला पाणी चालत नाही, द्वारका,
ती पाण्याला नाही म्हणत नाही, एवढंच.
खुर्शेदबाई असं बोलायच्या, अर्धं गुजराती, अर्धं मराठी,
आणि जुन्या मलमलीचा तुकडा हातात द्यायच्या.
मऊ हवं. नव्या कापडाला माज असतो.

नेपियन सी रोडवर, सातव्या मजल्याला
समुद्र आत येतो तो बिनआवाजाचा.
पितळी कड्यांवर हिरवा, आरशाच्या कडेला काळा,
आणि ऑगस्टात खुर्च्यांच्या पाठीवर पांढरी बुरशी,
कणकेचा हात लागल्यासारखी.
ती उन्हात टाकायची नाही.
गॅलरीत, सावलीला, वारा खाऊ द्यायचा,
मग ब्रश, मग कोरडं फडकं,
मग वाट बघायची.
वाट बघणं हेही कामच होतं,
त्याचे पगारात वेगळे पैसे नव्हते.

तीन वर्षांनी एकदा याकूबभाई यायचे.
स्पिरिटमध्ये रात्रभर भिजलेला चपडा,
कापसाचा बोळा, बोळ्यावर कापड.
हात आठाच्या आकड्यात फिरवा, म्हणाले.
मी फिरवला.
मराठी आठ नको, बाई, तो एका बाजूने उघडा,
हात निसटतो. इंग्रजी काढा.
तो संपत नाही.
थांबलात की डाग.

मी थांबले होते एकदा.
बाई निजलेल्या, दुपार, माझा चहाचा कप
थेट टेबलावर, आणि नजर बाहेर एका गलबतावर.
उचलला तेव्हा खाली पांढरं कडं,
कुणी खडूने काढावं तसं गोल.
बाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्याच जागी
क्रोशाचा बशीएवढा रुमाल,
आणि रुमालावर माझा कप.

गालिचा वर्षातून दोनदा फिरवायचा,
होळी झाल्यावर आणि दिवाळीच्या आधी.
खिडकीकडचं टोक दाराकडे, दाराकडचं खिडकीकडे.
ऊन एकाच फुलाने का म्हणून सोसायचं?
झाडू लवेच्या कलाने. गोंड्यांना मशीन नाही, बोटं.
शेवटची चार वर्षं बाई खुर्चीतून उठत नव्हत्या,
तर मी आणि वॉचमन तिवारी
त्यांना खुर्चीसकट उचलायचो,
आणि त्या वरून:
डावीकडे. अजून डावीकडे. तुला डावं कळतं ना, तिवारी?

बाई गेल्या. मग कळलं,
सोफ्याखाली, जिथे हात पोचत नव्हता,
कसरीने चार आण्याच्या नाण्याएवढं खाल्लंय.
भाचा टोरंटोत. फोनवर म्हणाला, राहू दे.
डाळिंबी लोकर बाजारात जुळेना.
मुलीचा शाळेचा स्वेटर उसवला,
लोकर चहाच्या पाण्यात बुडवून थोडी म्हातारी केली,
आणि तीन रविवार गाठी मारल्या,
शेजारच्या गाठीला विचारून विचारून.

काल व्यापारी आला. बूट दारातच काढले,
तेव्हाच ओळखलं, जाणता आहे.
गालिचा उलटा केला. गालिचे पाठीवरून वाचतात.
अंगठा सरकत गेला, सरकत गेला,
आणि तिथे थांबला.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
भाचा म्हणाला, काय झालं?
काही नाही, तो म्हणाला, माल खरा आहे.

संध्याकाळी दोघांनी गुंडाळून खांद्यावर नेला.
टेबल उद्या. रुमाल मी पिशवीत टाकलाय,
विचारलं नाही कुणाला.

खाली, इतकी वर्षं झाकलेल्या फरशीवर
हिरव्या-तांबड्या वेलींचा एक लांबट तुकडा,
काल बसवल्यासारखा ताजा,
आणि भोवती सगळं पायांनी फिकट केलेलं.
मी उगाच काठावर उभी राहिले, पाय न ठेवता.
होळी होऊन आठ दिवस झालेत.
फरशी कशी फिरवायची
ते बाईंनी शिकवलं नव्हतं.