काचेला जागा सोडावी लागते

डेरीहून डब्लिन, बसने चार तास.
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
मग पहाटेचं विमान, कौनासचं.

सरकारी यादीत माझा नंबर लागणार होता
तीन वर्षं आणि काही महिन्यांनी.
फोनवरची मुलगी दर वेळी गोड बोलायची,
कोपराला गूळ लावावा तशी.
आणि माझं तर दुखणंच कोपरात.

तेवीस वर्षं काच कापली मी.
कोपर टेबलाच्या कडेवर, हिरकणी पट्टीला,
एकच रेघ,
मग ती बारीक टक्.
आधी करंगळी गेली.
म्हणजे होती जागेवरच,
दारावर पाटी ठेवून भाडेकरू निघून जातो तशी.
मग तिच्या शेजारचं, अंगठीचं बोट.
तीन काचा निसटल्या हातून,
तिसरी चर्चची.
तेव्हा बाबांची व्हॅन विकली,
छपरावरच्या शिडीच्या कड्यांसकट.

विमानतळावर केस्तुतिस, हातात पुठ्ठा.
ब्रोना मॅकग्लिंची या नावात तीन अक्षरं चुकलेली,
तरी मी मला ओळखलं.
गाडीत ग्लासगोचा एक म्हातारा पोस्टमन,
खुबा बदलायला आलेला. म्हणाला, तुझं काय?
म्हटलं, तार अडकलीय.
म्हणाला, आमच्या खात्यात हे रोजचंच.

डॉक्टर वैदोतासनी कागदावर कोपर काढलं,
हाडामागची एक अरुंद गल्ली
आणि तीत चेंगरलेली नस.
गल्ली रुंद करून भागायचं नाही, म्हणाले,
हिला उचलून पुढे आणू, मऊ जागेत ठेवू.
तिला चालेल?
वर्षभर कुरकुर करेल.
मान हलवली मी.
आमच्या आईला एका रात्रीत नदीपलीकडे हलवलं होतं,
गल्ली पेटल्यावर.
मरेपर्यंत ती अंधारात
चुकीच्या भिंतीवर दिव्याचं बटण चाचपायची.

शुद्धीवर आले तेव्हा समोर खिडकी.
खालच्या कोपऱ्यातून वर चढलेला तडा.
बसवणाऱ्याने घट्ट बसवलेली, बोटभरही
काय, नखभरही सैल नाही.
काचेला जागा सोडावी लागते,
दोन मिलिमीटर, चारी बाजूंनी.
उन्हात ती फुगते, चौकट हलत नाही.
हे मी प्रत्येक उमेदवार पोराला सांगितलं.
स्वतःच्या हाताला सांगायचं राहिलं.

नर्स जोलिता रोज टाचणीच्या डोक्याने बोटं तपासते.
हे?
हो.
हे?
हो.
आणि हे, अंगठीचं? पण अंगठी कुठाय?
ऑपरेशनआधी काढून पाकिटात ठेवलेली.
ती हसली. आमच्याकडे तर या बोटाला नावच नाही,
बेवार्दिस म्हणतो आम्ही. निनावी.
का म्हणून?
तिने खांदे उडवले.
संपली असतील नावं.

पाकीट उघडलं नाही मी.
म्हटलं, सूज आहे.
सूज होतीच तशी.

नस दिवसाला एक मिलिमीटर पुढे सरकते म्हणे,
सरकली तर.
कोपरापासून टोकापर्यंत चारशे दहा दिवस.
मिलिमीटरची मला सवय आहे,
दिवसांची नाही.

दुसऱ्या रात्री, पलीकडे पोस्टमन घोरत असताना,
डाव्या हाताने उजवा उचलला
आणि तडा चुकवून काचेवर टेकवली
ती अनामिका.
गार लागलं.
किंवा गार कसं लागतं ते आठवलं,
फरक सांगता येणार नाही.

सकाळी जोलिताला म्हटलं, ही काच बदलून घ्या.
माप काढून ठेवलंय, डाव्या हाताने:
अडीच विती, वर दोन बोटं,
आणि थोडी जागा.